न झालेलं बारसं

मार्च लागला की आमच्या शाळेत खळीचा वास येतो. दहावीच्या परीक्षेसाठी बाकांवर बैठक क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या असतात, आणि आमच्या शिपाईकाकांचा बाजारातल्या गोंदावर विश्वास नाही. ते अजून मैद्याची खळ शिजवतात. ती पातेल्यात खदखदायला लागली की सिल्वासात उन्हाळा आला असं मी समजते. नदीपलीकडच्या माळावरचे पळस तोवर फुलून गेलेले असतात, आंब्यांना मोहर असतो, आणि राखोलीच्या बाजूने वारा आला तर त्या मोहराच्या वासात कारखान्यांचा वासही मिसळलेला असतो. हा महिना मला आवडायचा. माझा मुलगा याच महिन्यात जन्मला.

आता मला मार्चचा राग येतो. महिन्याचा राग येणं हा वेडेपणा आहे हे मलाही कळतं. पण सुपरव्हिजनला उभं राहिलं की तीन तास दुसरं काही करता येत नाही. मोबाइल बाहेर जमा केलेला, हातात पुस्तक धरायचं नाही, बसायचं नाही. फक्त बघायचं. आणि उभ्या माणसाला बसलेल्या मुलांची डोकीच तेवढी दिसतात. तेल चोपडलेली, वाकडा भांग पाडलेली, दोन-दोन भोवरे असलेली. तीस डोकी मी बघत राहते आणि माझ्या मनात एकतिसावं येतं.

माझ्या वर्गात कॉपी चालत नाही, असं मुलं म्हणतात. खरं आहे ते. मला वास येतो. प्रामाणिक मुलगा परीक्षेत सारखा हलतो, मान मोडतो, पंख्याकडे बघतो, पेन चावतो. चिठ्ठी जवळ असलेला मुलगा मात्र शहाण्यासारखा बसतो. मी सरळ त्याच्यापाशी जाऊन हात पुढे करते. पंधरा वर्षांच्या नोकरीत एकदा-दोनदाच चुकले असेन. आणि माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या ताटाशेजारी बसून जेवणारा पाच वर्षांचा पोरगा अख्खा आठवडा पोटात गुपित घेऊन वावरला, तेव्हा मला काहीसुद्धा कळलं नाही. जगाला सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

निनाद साडेसात महिन्यांचा जन्मला. वापीच्या एका दवाखान्यात वीस दिवस काचेच्या पेटीत होता. बाकी सगळा जीव मुठीएवढा, पण डोक्यावर केस मात्र दाट, काळे, ओल्या लोकरीसारखे. पेटीच्या भोकातून हात घालून मला फक्त तेवढेच कुरवाळायची परवानगी होती. त्याच वीस दिवसांत माझ्या सासूबाईंनी, तिकडे साक्रीच्या पुढे त्यांच्या गावी, कुलदेवीला नवस बोलून टाकला. पोरगा जगला तर पाचव्या वर्षापर्यंत केसांना हत्यार लावायचं नाही, मग देवीच्या दारात जावळ काढायचं आणि बोकड द्यायचा. मला हे बारशाच्या दिवशी कळलं, तेही पाळण्याची दोरी हातात असताना. अशा वेळी सून काय बोलणार?

पुढे बोलले. पाच वर्षं अधूनमधून बोलतच होते. मी पालघरची. बोंबील आणि सुरमईवर वाढलेली. माझ्या तोंडी अहिंसा शोभत नाही, हे माझा नवरा भूषण मला दर वेळी ऐकवायचा. पण खाणं वेगळं आणि हे वेगळं. माझ्या मुलाचा जीव राहिला म्हणून दुसऱ्या कुणाचं पोर त्याच्या नावानं कापायचं, हे मला झेपत नव्हतं. जावळाला माझी ना नव्हती. मी दोनच गोष्टी मागितल्या होत्या. बोकडाऐवजी नारळ द्यायचा, आणि कार्यक्रम मेच्या सुट्टीत ठेवायचा, म्हणजे मला तिथे असता येईल. भूषण म्हणाला होता, "बरं, मेमध्ये बघू. आईला मी समजावतो." भूषण राखोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. दिवसभर मशीनच्या आवाजात काम करणारा माणूस, घरी कमीच बोलतो. त्याच्या कमी बोलण्याला मी बारा वर्षं सरळपणा समजत आले.

ते केस म्हणजे आमच्या घरातलं एक वेगळं माणूसच होतं. रविवारी त्यांचं न्हाणं. शिकेकाई उकळायची, निनादला उलटा मांडीवर घ्यायचा, "डोळे मीट, डोळे मीट" म्हणून ओरडायचं, आणि नेमके त्यानं डोळे उघडायचे. मग आमच्या डोकमर्डीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं रडणं. केस वाळले की कुरळे होऊन कमरेशी यायचे. रोज सकाळी एक घट्ट वेणी. बाजारात भाजीवाले "बेबीला गाजर घ्या" म्हणायचे. निनाद कमरेवर हात ठेवून सांगायचा, "मी बेबी नाही, माझं जावळ आहे." मराठीत समजलं नाही तर हिंदीत, आणि तरीही नाही समजलं तर खालच्या पोरांकडून शिकलेल्या गुजरातीत.

पोरगं बोलकं. तीन वर्षांचा असताना कप फुटला आणि मी "कुणी फोडला?" असं आत येत विचारलं, तर हात वर करून "मी!" म्हणाला. जणू हजेरीच लागत होती. शाळेतून मी आले की चपला काढायच्या आत सगळा दिवस सांगून व्हायचा. कुणी कुणाला चावलं, डब्यात काय उरलं, पप्पा झोपेत काय बोलले, त्याला शी किती वाजता झाली. मी कंटाळायचे, हो हो करायचे, कुकर लावता लावता अर्धं ऐकायचे. पण एक गोष्ट मी मनाशी धरून होते, आणि ती किती घट्ट धरली होती हे सुटल्यावर कळलं. या मुलाचं जे काही असेल ते आधी माझ्यापाशी येतं. नवरा गप्प आहे, असू दे. सासर लांब आहे, असू दे. या जगात एक माणूस असा आहे की ज्याच्या आत काय चाललंय हे मला ठाऊक असतं.

गेल्या वर्षीच्या त्या शुक्रवारी मी दुपारीच घरी आले होते. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर, मला सुपरव्हिजन. भूषण निनादला घेऊन गावी निघाला होता, चुलतभावाच्या मुलीचं बारसं म्हणून. मला रजा मिळणं शक्यच नव्हतं. दोघांना जायला मी आनंदानं सांगितलं होतं. इतकंच नव्हे, आदल्या दिवशी बाजारात जाऊन त्या बाळासाठी पिवळं झबलं आणि टोपडं आणलं होतं. टोपड्याला लेस असावी की नसावी यावर दुकानदाराशी पाच मिनिटं बोलले होते. बाळाचं नाव काय ठेवणार असं भूषणला विचारलं, तर तो म्हणाला, "अजून ठरलं नाही."

निघण्यापूर्वी वेणी घालायला बसवलं. एरवी हे काम म्हणजे कुस्ती. त्या दिवशी निनाद पाटावर शहाण्यासारखा बसला. म्हणाला, "आई, आज दोन वेण्या घाल."

"दोन? तुला तर एकसुद्धा नको असते."

"आज दोन घाल. आणि रिबीन पण."

मी हसले. दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या. त्यानं आरशात बघितलं आणि मग माझ्या गळ्यात पडला. मला वाटलं, दोन दिवस आई नाही म्हणून लाड चाललेत. ते गेल्यावर मी घर आवरलं, कंगवा साबणाच्या पाण्यात धुतला, त्यातली गुंतवळ केरात टाकली. माझ्या टापटिपीचं सगळे कौतुक करतात.

शनिवारी सकाळी अकरा वाजता मी वर्गात पुरवण्यांवर सह्या करत होते. नक्की वेळ मला माहीत आहे, कारण नंतर पाहिलेल्या व्हिडिओवर वेळ होती. त्याच वेळी तिकडे देवीच्या देवळापुढे पाट मांडला होता. पाटावर मामा बसला होता आणि मामाच्या मांडीवर भाचा. आत्यानं केस झेलायला पदर पसरला होता. न्हाव्यानं आधी कात्रीनं दोन वेण्या मुळापासून कापल्या, रिबिनींसकट, मग मशीन लावलं. मागे बँडचं गाणं चढवलेलं, त्यामुळे माणसांचं बोलणं काही ऐकू येत नाही. निनादची मान खाली आहे, चेहरा दिसत नाही. केस पांझरेत सोडले. मार्चमध्ये पांझरेला पाणी ते किती असणार?

हो, मामा. तिथे मी पुन्हा पुन्हा अडते. जावळ मामाच्या मांडीवरच काढतात. मामा नसेल तर कार्य होत नाही. म्हणजे हा सगळा बेत माझ्या सख्ख्या भावाशिवाय होऊच शकत नव्हता. मंदार माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. पालघरला त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. शुक्रवारी सकाळी त्याचा मला फोन आला होता, मिक्सरचं भांडं बदलून पाठवू का विचारायला. फोन ठेवला आणि तो साक्रीच्या बसमध्ये बसला. नवऱ्यानं फसवलं तर बाई माहेरी जाते. माझं माहेरच तिकडे मांडी घालून बसलं होतं!

रविवारी संध्याकाळी मी इमारतीच्या फाटकापाशी उभी होते. रिक्षातून भूषण उतरला, मागून निनाद. त्याच्या डोक्यावर माकडटोपी होती. मार्च महिन्यात, सिल्वासात, जिथे नळाचं पाणीसुद्धा दुपारी कोमट येतं. मला वाटलं ताप आलाय. मी धावत जाऊन कपाळाला हात लावायला गेले तर त्यानं टोपी दोन्ही हातांनी धरली. "थांब. गंमत आहे," म्हणाला. मग भूषणकडे बघितलं. भूषण रिक्षावाल्याशी बोलण्यात गुंग. निनादनं टोपी काढली. गोटा. त्यावर कुंकवानं काढलेलं स्वस्तिक, घामानं फिकट झालेलं.

तेवढ्यात शेजारच्या गुजराती भाभी जिन्यातून उतरल्या आणि टाळी वाजवून म्हणाल्या, "ओहो, टको करावी दीधो? अमारा पेंडा क्यां?" मी हसून म्हटलं, "देते ना भाभी, उद्या." मी हसले. ते हसणं मला अजून सोडत नाही.

वर आल्यावर मी ओरडले नाही. ओरडणं मला जमलं असतं तर बरं झालं असतं. पिशव्या रिकाम्या करायला घेतल्या. साड्यांची घडी, आहेराचं टॉवेल-टोपी, प्रसादाची पुडी, आणि तळाशी ते पिवळं झबलं, दुकानाच्या पिशवीतच, घडी न मोडलेलं. बारसंच नव्हतं. बाळही नव्हतं. नाव ठरलं नव्हतं म्हणे!

चार लोकांत मी त्याला अहो म्हणते, भांडणात भूषण. "भूषण, का?" एवढंच विचारलं.

तो बूट काढत होता. म्हणाला, "आईचं तुला माहीत आहे. महिनाभर रोज फोन. 'मना डोया मिटाना पहिले नवस फिटाले जोयजे.' मी काय करू?"

"मला सांगायचं होतंस."

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. तू नाही म्हटल्यावर केलं असतं तर तुझा अपमान झाला असता. न विचारता केलं, म्हणजे अपमान नाही. आणि दोष असेल तर तो मला, तुला नाही. तुझ्या मागे काही लागायला नको."

हे तो मनापासून बोलत होता. त्याच्या हिशेबी त्यानं मला वाचवलं होतं. लबाड माणसाशी भांडता येतं, पण ज्याला आपण चांगलंच केलं असं वाटतं त्याचं काय करायचं? या वाक्याला उत्तर म्हणून मी वर्षभरात मनातल्या मनात किती भाषणं केली असतील!

मंदारला फोन लावला तर त्यानं आधी नुसतं ताई म्हटलं. मग म्हणाला, "दाजींनी हात जोडले गं. आणि मामानं मांडीला नाही म्हटलं तर भाच्याला बाधतं म्हणतात."

"आणि बहिणीला खोटं सांगितलं तर काही बाधत नाही?"

"मी खोटं नाही बोललो, ताई. मी फक्त मिक्सरचं बोललो."

मी फोन ठेवला.

या दोघांचं मी सोसलं असतं. माणसं मोठी झाली की लबाडी शिकतात, आपणही शिकतो. त्या संध्याकाळी निनादला न्हाऊ घालताना, नव्या गुळगुळीत डोक्यावर पाणी ओतताना, मी सहज विचारलं, "तुला कधी कळलं रे, तिथे केस काढणार आहेत म्हणून? तिथे गेल्यावर?"

"नाही. आधीच. आपण कोनांचा किल्ला केला ना, तेव्हाच." भूषण कारखान्यातून धाग्याचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन आणतो, निनाद त्यांचे बुरूज रचतो. तो किल्ला आम्ही मागच्या शनिवारी केला होता. "पप्पा म्हणाले, आईला सांगायचं नाही. सांगितलं तर आई रडेल आणि तिचा पेपर चुकेल."

"पेपर माझा नसतो रे राजा."

"पण मी नाही सांगितलं." त्यानं माझ्याकडे वर बघितलं. शाबासकी हवी होती त्याला.

"म्हणून दोन वेण्या घालायला सांगितल्यास?"

"हो. तुला आवडतात ना. म्हणून शेवटचं."

मी तांब्या भरत राहिले. भरून वाहत होता तरी भरत राहिले. पाच वर्षांच्या मुलाला माहीत होतं की हे शेवटचं आहे, आणि मला माहीत नव्हतं. त्यानं मला निरोप घेऊ दिला होता, माझ्या नकळत. तो त्यांच्या बाजूनं होता. माझ्या डोळ्यांत बघत, माझ्या हातानं वरणभात खात, माझ्या कुशीत झोपत सात दिवस तो त्यांच्या बाजूनं होता.

"बोकड होता का रे तिथे?" हेही विचारलं. विचारायला नको होतं.

"हो. काळा होता. मी त्याला निंबाचा पाला दिला. त्यानं माझ्या हातातून खाल्ला."

"मग?"

"मग तो गेला," निनाद म्हणाला आणि साबण मागितला.

दोन दिवसांनी त्याचा पाचवा वाढदिवस होता. फोटो आहेत. केकपुढे गोटा केलेला मुलगा, कान एकदम मोठे दिसताहेत, दात विचकून हसतोय. बालवाडीतल्या पोरांनी ओळीनं उभं राहून त्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि तो सगळ्यांकडे राजासारखा बघत होता. त्याला जावळाचं दुःख नव्हतंच मुळी. फोटोत मीही आहे, अबोली साडीत, आणि मला ओळखणारा कुणीही सांगेल की ही बाई पेढे वाटतेय पण जेवलेली नाही.

लोक म्हणतात, केस काय, पुन्हा येतात. आले की. दाट आले, पण सरळ आले. ते लोकरीसारखे कुरळे गेले ते गेलेच. आता महिन्यातून एकदा भूषण त्याला कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये नेतो. शाळेत तो आता पहिलीला जाईल. सांगणंही कमी झालंय. मी आले की "काही नाही" म्हणतो. "आज काय झालं?" "काही नाही." सगळीच मुलं या वयात असं करतात, असं माझ्या मैत्रिणी म्हणतात. करत असतील. पण मला प्रत्येक "काही नाही"च्या मागे काहीतरी दिसतं. मूल मोठं होताना पहिलं पाऊल, पहिला दात, पहिला शब्द सगळे लिहून ठेवतात. पहिलं गुपित कुणी लिहून ठेवत नाही. खरं तर त्याच दिवशी ते आपल्या पोटातून खऱ्या अर्थानं बाहेर पडतं. हे मी शहाणपणानं लिहितेय, पण मला त्याचा अभिमान वाटत नाही. मला राग येतो. इतक्या लवकर, आणि माझ्याच माणसांनी शिकवलं म्हणून.

वर्षभर मी मंदारकडे गेले नाही. राखी पोस्टानं पाठवली. भाऊबीजेला तो फोनवर "येऊ का?" म्हणाला, मी म्हटलं, घरात पाहुणे आहेत. नव्हते. सासूबाई, ज्यांचे डोळे मिटायला आले होते, त्या ठणठणीत आहेत, आणि देव करो आणि त्या शंभर वर्षं जगोत. भूषणशी मी बोलते. संसार चालतो. पण तो गावी निघाला की मी आता विचारते, "बारसं कुणाचं?" तो बॅग भरू लागतो. अशा वेळी मला थोडं बरं वाटतं आणि मग बरं वाटल्याची लाज वाटते.

या वर्षीचा वाढदिवस पेपर नसलेल्या दिवशी आला. मंदार न विचारता आला, सकाळच्या गाडीनं, हातात पिशवी. पिशवीत भिजवलेले, मोड आलेले वाल. "आईनं दिलेत. निन्याला डाळिंब्या आवडतात म्हणून." परत कसा पाठवणार? आम्ही दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसून कोमट पाण्यात वाल सोलू लागलो. लहानपणी असेच बसायचो. तेव्हा तो सोललेले खाऊन टाकायचा. अर्धं पातेलं झालं.

मग तो खाली बघतच म्हणाला, "ताई, एक सांगायचं राहिलंय. वर्षभर सांगेन सांगेन म्हणतो."

"अजून काय राहिलंय?"

"तो रडला होता. मशीन कानाशी आलं तेव्हा. व्हिडिओत गाणं टाकलंय म्हणून ऐकू येत नाही. 'आईला बोलवा' म्हणत होता. दोनदा, तीनदा. मी घट्ट धरला होता, हलू नये म्हणून. त्यानं माझा अंगठा इतका आवळला की नखाखाली रक्त साकळलं."

मी त्याच्या अंगठ्याकडे बघितलं.

"झाल्यावर उतरला, नाक पुसलं, आणि मला म्हणाला, 'मामा, मी रडलो ते आईला सांगू नकोस. तिला वाईट वाटेल.' माझ्याकडून शपथ घेतली त्यानं. आज मोडली." मंदारनं आणखी एक वाल सोलला. "मी दुकानात बसलो ना, की ते 'आईला बोलवा' ऐकू येतं गं."

मला मंदारची दया यायला हवी होती. आली नाही. म्हणजे आलीही असेल, पण त्याआधी दुसरंच आलं. हेही याच्याकडेच होतं! माझ्या मुलानं मला हाक मारली, तीही याच्या मांडीवर बसून, आणि ती हाक हा वर्षभर खिशात घेऊन फिरत होता. केस यांनी नेले, निरोप नेला, आता रडणंही यांच्याकडे जमा निघालं. आणि मी वर्षभर काय समजत होते? की तो त्यांच्या बाजूनं होता. तो तिथे एकटा होता. चारचौघांत, मशीनच्या आवाजात, एकटा, आणि त्या एकटेपणात त्यानं माझी काळजी केली. माझ्यावर एवढी माया करणाऱ्या पोराला मी वर्षभर मनात फितूर म्हणत होते. कुणी कुणाला फसवलं, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

मी उठून हात धुतले. मंदारनं उरलेले वाल सोलले. एकही खाल्ला नाही.

संध्याकाळी दादऱ्याच्या वनगंगेच्या बागेत जायचं ठरलं होतं. निनादला तिथली होडी हवी असते. बाहेरच्या खोलीत मी त्याला बूट घालत होते. नवे, नाडीचे. गेल्या वर्षीपेक्षा दोन नंबर मोठे. भूषण खाली गाडी काढत होता. मंदार दाराशी उभा होता. मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं, नाडी ओढता ओढता, अगदी सहज विचारल्यासारखं.

"निनू, ते जावळ काढलं ना तुझं, तेव्हा तू रडला होतास का रे?"

त्यानं आधी मामाकडे पाहिलं. मामा भिंतीकडे पाहत होता. मग माझ्याकडे पाहिलं, सरळ, डोळे न हलवता, एकदम शहाण्यासारखं.

"नाही."

"थोडंसुद्धा नाही? मशीन कानाशी आलं तेव्हा?"

"नाही म्हटलं ना! मी हसत होतो." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, तोल सांभाळत, मला समजावून सांगावं तसं म्हणाला, "तू कुठे होतीस तिथे? तुला काय माहीत!"

"हो रे," मी म्हटलं. "मी नव्हते."

आणि दुसऱ्या बुटासाठी त्यानं पाय पुढे केला.